ज्येष्ठांचं चालणं गल्लीवर अवलंबून
६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे ५ दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे. पण आजी-आजोबा बाहेर पडतील की नाही, हे बरेचदा गल्लीच ठरवते. उखडलेली फरशी, उघडी गटार, फूटपाथवरच्या दुचाक्या, मोकाट कुत्री यांमुळे पडण्याची धास्ती बसते. चालणे सुटले की पायांतली ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. बेळगावात टिळकवाडीकरांना व्हॅक्सिन डेपोची झाडी जवळ आहे. खडेबाजारच्या गर्दीत ती सोय नाही. सपाट वाट, सावली, टेकायला बाक, दिवाबत्ती आणि जवळ स्वच्छतागृह एवढे असले, तरी पाय आपोआप घराबाहेर वळतात.