घरभाडं, नोकरी आणि वंश : फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डाचा धडा

‘वंश’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो जणू रक्तातूनच आला आहे असं वाटतं. समाजशास्त्र इथे एक साधा प्रश्न विचारतं : रोजच्या जगण्यात हा वंश नेमका कुठे भेटतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण १८९६ सालच्या अमेरिकेत जाऊ.

त्या वर्षी फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतल्या संख्याशास्त्रज्ञाचा एक ग्रंथ आला. कृष्णवर्णीयांमधला मृत्युदर जास्त आहे, ही आकडेवारी त्याने मांडली आणि कारण सांगितलं ते वंशाच्या अंगभूत दुबळेपणाचं. आकडे पुष्कळ, म्हणून निष्कर्षही शास्त्रीय, असं अनेकांना वाटलं. विमा नाकारायला तर हे आयतंच निमित्त होतं.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाला फिलाडेल्फियात बोलावलं. हार्वर्डची डॉक्टरेट त्यांना आदल्याच वर्षी मिळाली होती. ते पत्नीसह सातव्या वॉर्डातच राहिले, आणि प्रश्नावली घेऊन घरोघर फिरले. घरात माणसं किती, काम काय, मिळकत किती, भाडं किती, मूळ गाव कुठलं, हे सगळं त्यांनी विचारलं. वॉर्डातल्या नऊ हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांची माहिती अशी गोळा झाली. १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता त्यातली साखळी नीट बघा. कारखान्यांची आणि कसबी कामांची दारं कृष्णवर्णीयांना बंद. कामगार संघटनाही त्यांना आत घेत नसत. मग उरलं काय? गोऱ्यांच्या घरची चाकरी. चाकरी करायची तर मालकाच्या घराजवळ राहायला हवं. पण कृष्णवर्णीयांना भाड्याने मिळणारी घरं मोजकीच, त्यामुळे वाईट घरालाही भाडं जास्त. ते परवडेना म्हणून आणखी भाडेकरू घरात घ्यायचे. एकेका खोलीत दाटी, शौचाची-पाण्याची सोय अपुरी, त्यातून आजार, आणि आजारातून मृत्यू. शेवटी हेच मृत्यू हॉफमनच्या कोष्टकात जाऊन बसतात, आणि तो म्हणतो, ‘बघा, वंशच दुबळा!’

म्हणजे परिणामालाच कारण ठरवलं गेलं होतं. एकच आकडा, पण त्यामागचं घर बघितलं की त्याचा अर्थ पार बदलतो.

‘शिकले की सगळं ठीक होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठीही या ग्रंथात एक उदाहरण आहे. याच विद्यापीठातून यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेल्या एका तरुणाला उत्तम शिफारशींवर नोकरी मिळाली. तो कृष्णवर्णीय आहे हे कळल्यावर काही तासांतच त्याला काढून टाकलं. पुढे तो एका क्लबात वाढप्याचं काम करू लागला, आणि त्याचेच गोरे सहाध्यायी तिथे जेवायला येत. दोघांची पदवी एकच होती ना? मग एक टेबलावर आणि दुसरा ताट घेऊन उभा, हे ठरवलं कोणी?

डु बॉइस सर्वस्वी निर्दोष होते असं नाही. वॉर्डातल्या सर्वांत गरीब थराबद्दल लिहिताना त्यांची भाषा कठोर, उपदेशकाची होते. मात्र त्याच गोरगरिबांच्या घरात जाऊन विचारायची पद्धतही त्यांनीच घालून दिली.

आपल्याशी याचा धागा जुना आहे. अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीचं स्मरण करत जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागत आहेत हे त्यांनी वाचलं होतं. अस्पृश्यांसाठीही तसंच करण्याचा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी त्या निवेदनाची प्रत मागितली. डु बॉइस यांनीही आपुलकीने उत्तर पाठवलं. जात आणि वंश या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आंबेडकर पुरतं जाणून होते. तरीही दोन्हीकडे काम, वस्ती आणि मान जन्मावरून वाटले जात होते.

तेव्हा ‘ते लोक असेच असतात’ असं वाक्य पुन्हा कानावर आलं, तर आपण आधी विचारू या : त्यांना घर कुठे मिळतं, भाडं किती पडतं, आणि कोणत्या कामाला त्यांना उभं करत नाहीत?