दुचाकीतील दोष आणि ‘रिकॉल’ : माहिती मिळवायची कोठे?

ब्रेक लावताना वेगळाच आवाज येऊ लागतो किंवा चालती मोटारसायकल मध्येच अडखळते. गॅरेजमध्ये प्लग बदलला जातो, वायरिंग तपासले जाते, बिल होते आणि आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा उद्भवते. अशा वेळी हा दोष आपल्या एकट्याच्या गाडीत आहे, की त्या काळात तयार झालेल्या अनेक गाड्यांत आहे, याची खातरजमा आधी करणे इष्ट. दोष उत्पादनातील असेल आणि कंपनीने त्यासाठी गाड्या परत बोलावल्या असतील, तर दुरुस्ती विनामूल्य होते. प्रश्न केवळ पैशांचा नसून जिवाचाही असतो.

‘रिकॉल’ म्हणजे काय?

विशिष्ट काळात तयार झालेल्या वाहनांत सुरक्षिततेला बाधक असा दोष आढळल्यास ती वाहने तपासणीसाठी परत बोलावणे, म्हणजे ‘रिकॉल’. डिसेंबर २०२१मध्ये रॉयल एन्फिल्डने क्लासिक ३५० या मॉडेलच्या २६,३०० मोटारसायकली अशा परत बोलावल्या. मागील ड्रम ब्रेकशी संबंधित एक कंस ब्रेकवर असाधारण दाब आल्यास खराब होऊ शकतो, असे चाचण्यांत आढळले होते. १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या काळात तयार झालेल्या, सिंगल चॅनेल एबीएसच्या गाड्यांपुरताच हा दोष मर्यादित होता. त्याच वर्षी मे महिन्यात याच कंपनीने इग्निशन कॉइलमधील दोषामुळे २,३६,९६६ मोटारसायकली तपासणीसाठी बोलावल्या होत्या. मात्र त्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी गाड्यांतच सुटा भाग बदलावा लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. म्हणजेच ‘रिकॉल’मध्ये नाव आले म्हणून गाडी सदोष आहेच असे नाही, तपासणी मात्र आवश्यक ठरते.

कायदा काय सांगतो?

वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२मध्ये ‘रिकॉल’साठी ऐच्छिक आचारसंहिता लागू केली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये दुरुस्ती होऊन कलम ११०-अ समाविष्ट झाले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून अमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना ते लागू आहेत. वाहनाच्या विक्रीच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या संख्येइतक्या मालकांच्या तक्रारी आल्यास सरकार चौकशी करू शकते. दोष सिद्ध झाल्यास उत्पादकाला वाहनाची पूर्ण किंमत परत करणे, वाहन बदलून देणे किंवा दुरुस्त करून देणे बंधनकारक करता येते. सक्तीच्या ‘रिकॉल’साठी दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शोध कसा घ्यावा?

शोधाची सुरुवात चेसिस क्रमांकापासून होते. सतरा अंकाक्षरांचा हा क्रमांक आरसीवर असतो, तसेच हँडलच्या खाली सांगाड्याच्या पुढील भागावर कोरलेला आढळतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरली जात नाहीत. त्यामुळे तसे काही दिसल्यास ते एक किंवा शून्य समजावे. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा क्रमांक भरून आपली गाडी ‘रिकॉल’मध्ये आहे का, हे पाहता येते. ही सोय नसेल तेथे कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला क्रमांक कळवून लेखी उत्तर मागावे. ‘सियाम’च्या संकेतस्थळावर सदस्य कंपन्यांच्या ऐच्छिक ‘रिकॉल’ची माहिती दिली जाते.

परदेशातही विकल्या जाणाऱ्या मॉडेलबाबत अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे संकेतस्थळ उपयुक्त ठरते. ‘रिकॉल’च्या नोंदींबरोबरच कंपन्यांनी आपल्या विक्रेत्यांना पाठविलेल्या दुरुस्तीच्या तांत्रिक सूचनाही तेथे पाहता येतात. तिकडची नोंद येथील गाडीला आपोआप लागू होत नाही, परंतु मेकॅनिकला दोषाची दिशा निश्चितच मिळते.

जुनी गाडी घेतली असेल तर...

सर्वाधिक धोका असतो तो जुनी दुचाकी घेणाऱ्याला. कंपनीचे पत्र किंवा संदेश तिच्याकडे नोंदलेल्या मालकाला जातो. गाडी दोनदा हातबदल झाली, तर ती सूचना सध्याच्या चालकापर्यंत पोहोचेलच याची शाश्वती नसते. म्हणून व्यवहारापूर्वीच चेसिस क्रमांक तपासावा आणि आरसी नावावर होताच आपला पत्ता व मोबाइल क्रमांक अधिकृत सेवा केंद्रात नोंदवावा.

दाद कोठे मागावी?

‘रिकॉल’ जाहीर झालेला नसेल, तरी सुरक्षिततेशी निगडित दोषाची तक्रार केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर नोंदविता येते. एकेका तक्रारीची नोंद होत गेली तरच सरकारी चौकशीसाठी आवश्यक ती संख्या गाठली जाते. सेवा केंद्राने टाळाटाळ केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. त्यानेही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. तेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क आकारले जात नाही. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

हे जपून ठेवा

- प्रत्येक सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड आणि बिल. जॉब कार्डवर तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी.
- दोष केव्हा, किती किलोमीटरवर आणि कोणत्या स्थितीत जाणवला, याची तारीखवार नोंद.
- बदललेला जुना सुटा भाग किंवा निदान त्याचे छायाचित्र.
- ‘रिकॉल’ची दुरुस्ती पूर्ण झाल्याची लेखी नोंद. पुढे गाडी विकताना ती नव्या मालकाच्या हाती द्यावी.