द्विमितीय प्रवाहसमीकरणे : उकलीचे अस्तित्व व एकमेवता

असंपीड्य, श्यान द्रवाची गती नाव्हिए–स्टोक्स समीकरणांनी ठरते. आरंभीचा वेग दिला, की सर्व काळासाठी उकल मिळते का व ती एकच असते का, हा मूळ प्रश्न. प्रतलीय प्रवाहात दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. झां लरे यांनी १९३३–३४ मध्ये पाया घातला. सीमाबद्ध प्रदेशासाठीची सिद्धता ओल्गा लादिझेन्स्काया, तसेच झाक-लुई लिआँस व जोव्हान्नी प्रोदी यांनी १९५९ च्या सुमारास दिली.  

दोन मितींतच हे का साधते? कारण विलक्षण सुंदर आहे. त्रिमितीत भोवरा आपल्या अक्षाच्या दिशेने ताणला जाऊन तीव्र होऊ शकतो. प्रतलात हा अक्ष प्रवाहाला लंब राहतो, त्यामुळे समीकरणातील ताणणारे पदच नाहीसे होते. म्हणून भिंती व बाह्य बल नसताना भ्रमिलतेचे, म्हणजे द्रवाच्या स्थानिक फिरण्याच्या मापाचे, कमाल मूल्य वाढत नाही. एकमेवता लादिझेन्स्काया असमानतेतून निघते : दोन उकलींच्या फरकाची ऊर्जा आरंभी शून्य असेल, तर ती शून्यच राहते. श्यानताहीन ऑयलर समीकरणांसाठी, भ्रमिलता मर्यादित असताना, यूदोविच यांनी १९६३ मध्ये एकमेवता सिद्ध केली. नाव्हिए–स्टोक्स समीकरणांच्या त्रिमितीय प्रश्नावर क्ले गणित संस्थेने २००० मध्ये १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.