ब्रास बँड, ब्रिटिश
पितळी सुषिर वाद्ये व तालवाद्ये यांचे हौशी वादकांचे पथक. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील गिरण्या व कोळसाखाणींच्या गावांत त्याची विशेष वाढ झाली. सुमारे पंचवीस वादकांच्या या पथकात, बास ट्रॉम्बोन व तालवाद्ये वगळता, सर्वांचे स्वरलेखन एकाच पद्धतीचे असते; झडपांच्या वाद्यांवरील बोटांची ठेवणही सारखीच. त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्यास उभे करता येते. पाळ्या सांभाळून तालीम करणाऱ्या कामगारांना ही सोय मोलाची होती.

मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ पासून बँडस्पर्धा होऊ लागल्या. सॅडलवर्थ व टेमसाइड भागांत पेंटेकॉस्टनंतरच्या शुक्रवारी पथके गावोगाव संचलन करीत वाजवितात. पथक ओळखू येऊ नये म्हणून परीक्षकास आडोशाला बसवितात. वशिल्याचा संशय किती जुना असावा, हे यावरून दिसते.

यॉर्कशरमधील ग्राइमथॉर्प खाणीचा बँड १९१७ मध्ये स्थापन झाला. ऑक्टोबर १९९२ मध्ये सरकारने खाणी बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर काही दिवसांतच या खाणकामगारांच्या बँडने लंडनच्या रॉयल ॲल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. १९९३ मध्ये खाण बंद पडली; बँड मात्र टिकून राहिला.