खुर्ची आणि गादी

साताऱ्याला आमच्या साडूंनी नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं जेवण हाणून मी हॉलमध्ये आलो. कोपऱ्यात एक नक्षीदार शिसवी खुर्ची, तिच्यावर पिवळा दिवा, शेजारी पितळी घंगाळात झाड. मी सवयीने टेकणार, एवढ्यात मेव्हणी ओरडली, "भावोजी, तिथे नको! अँटिक आहे ती!"

मी निमूटपणे सतरंजीवर बसलो आणि इतिहासात शिरलो. याच साताऱ्यात १७०८ साली शाहू महाराज बसले ते गादीवर. १८४८ साली डलहौसीने राज्य खालसा केलं, तेही गादीला औरस वारस नाही आणि दत्तक मंजूर नाही म्हणून. खुर्चीचा कुठे उल्लेख तरी आहे का? आपल्याकडे बसायला गादी, टेकायला लोड. खुर्ची हा शब्दच मुळी अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. वस्तू घरोघर शिरली ती इंग्रजी अमलात. कचेरीत साहेब खुर्चीवर आणि बाकीचे उभे, अशी सोय झाली आणि गादीची भांडणं खुर्चीवर वर्ग झाली. ते खातं अजून बंद झालेलं नाही.

तशी सांगलीला आमच्याकडेही एक सागवानी खुर्ची होती. आजोबा हळदीच्या पेढीवर दिवाणजी. दिवसभर मांडी घालून किर्द-खतावणी लिहायची, म्हणून घरी त्यांनी सुताराकडून बारा रुपयांत खुर्ची करवून घेतली. संध्याकाळी तिच्यात बसले की ते स्वतंत्र संस्थानिक! मी कॉमर्सचा पदवीधर. वर्षाला दहा टक्के घसारा धरला, तर आज तिची पुस्तकी किंमत एक पैसाही भरत नाही.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि आमच्या घरात शिरलं. हप्त्यावर घेतलेला प्लायवूडचा सोफा पावासारखा फुगला. खुर्चीचा वेत तेवढा कुजला. लाकूड सावलीत वाळलं आणि पुन्हा ताठ उभं राहिलं. बक्षीस म्हणून आम्ही तिला माळ्यावर टाकलं.

साताऱ्याहून परतताच सौ.ने तिला खाली उतरवलं. वेत विणून झाला, पॉलिश झालं, कोपरा ठरला, पिवळा दिवाही आला. "आता कोणी बसायचं नाही हं!" असा हुकूम सुटला.

आमच्या नानांचे गुडघे गेलेले. नव्या बुटक्या सोफ्यातून त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. तिसऱ्या दिवशी ते भिंत धरत कोपऱ्यापर्यंत गेले आणि खुशाल खुर्चीत बसले. मग दोन्ही हात धरून एकटेच उठले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. लहान मुलासारखे आमच्याकडे बघून हसले.

मी घाबरून सौ.कडे पाहिलं. ती काही बोलली नाही. नानांना पेपर नीट दिसावा म्हणून तिने दिवा तेवढा जरा पुढे सरकवला.