‘जुवी’: नाव लाडाचं, कुलूप खरं

अमेरिकन सिरीज बघताना ‘जुवी’ हा शब्द तुमच्या कानावर नक्की आला असेल. कुणी सांगतं, ‘मी जुवीत होतो.’ कुणी कडक शिस्तीच्या शाळेलाच गमतीनं ‘जुवी’ म्हणतं. ‘मूव्हिंग पिक्चर’चं जसं मूव्ही झालं, तसं ‘जुव्हेनाइल’चं जुवी. अर्थ? अल्पवयीन मुलांना कोंडून ठेवायची जागा. ऐकायला मात्र एकदम लाडाचं नाव!

पण हे गोड बोलणं या शब्दाच्याही आधीपासूनचं आहे बरं का. १८९९ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय सुरू झालं. हेतू चांगला होता: पोरांना मोठ्या कैद्यांबरोबर डांबू नका, न्यायाधीशानं आईबापासारखं वागावं. भाषाही मवाळ झाली. कोठडीला ‘होम’, तुरुंगाला ‘इंडस्ट्रियल स्कूल’. आणि सगळं मायेनंच चाललंय म्हटल्यावर वकील हवा कशाला?

आता ॲरिझोनातल्या जेराल्ड गॉल्टची गोष्ट ऐका. वय १५. जून १९६४ मध्ये शेजारणीनं तक्रार केली, की फोनवर कुणीतरी घाणेरडं बोललं. आईवडील कामावर असताना पोलिसांनी जेराल्डला उचललं आणि ‘चिल्ड्रन्स डिटेन्शन होम’मध्ये ठेवलं. घरी साधी चिठ्ठीही ठेवली नाही. सुनावणीला वकील नव्हता, तक्रार करणारी बाई आलीच नाही. निकाल काय? वयाच्या २१व्या वर्षापर्यंत, म्हणजे जवळपास सहा वर्षं, इंडस्ट्रियल स्कूल! याच गोष्टीसाठी मोठ्या माणसाला फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती.

आईवडील लढले. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं, की नाव कितीही गोड ठेवा, मुलाला तिथं कोंडलंच जातं. म्हणून आरोप काय ते आधी कळवा, वकील द्या, साक्षीदाराला प्रश्न विचारू द्या, आणि मुलाला गप्प राहायचा हक्कही द्या.

आपल्याकडे ‘मस्ती केलीस तर रिमांड होममध्ये टाकीन’ हा दम अनेकांनी खाल्लाय. कायद्यात आता त्याला ‘निरीक्षण गृह’ म्हणतात. होम काय, गृह काय, अर्थ घरच. फक्त या घराचं दार आतून उघडत नाही. पुढच्या वेळी कुणी हसत ‘जुवी’ म्हणालं, तर एवढं आठवा. भेटू पुढच्या भागात!