सिद्ध कोणी करायचे? वूलमिंग्टन खटला (1935)

10 डिसेंबर 1934 रोजी इंग्लंडमधील 21 वर्षांचा शेतमजूर रेजिनाल्ड वूलमिंग्टन याच्या हातातील बंदुकीचा बार उडून त्याची पत्नी व्हायोलेट मरण पावली. परत आली नाहीस तर जीव देईन, असे धमकावताना बार चुकून उडाला, असे त्याचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले, की हा अपघात होता हे आरोपीनेच पटवून द्यायला हवे. फाशीची शिक्षा झाली. पहिले अपील फेटाळले गेले.

हाऊस ऑफ लॉर्ड्सने मात्र शिक्षा रद्द केली. लॉर्ड सँकी यांच्या मते, गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारपक्षावरच असतो. आरोपीच्या बाजूने रास्त संशय उरला तरी त्याला सोडले पाहिजे. म्हणजे त्याची हकीगत खरी ठरली का? नाही. ती खोटी असल्याचे कायदेशीररीत्या सिद्ध झाले नव्हते. हा फरक तुम्ही ध्यानात ठेवा; त्यावरच एका माणसाचा जीव अवलंबून होता.